सव्वासहाच्या लेक्चरचा इंजिनिअर

नोकरी सांभाळून मेकॅनिकलची डिग्री करणारा गृहस्थ महाराष्ट्रात जिथे एमआयडीसी तिथे आढळतो. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली ही त्याची मुख्य ठाणी. वय पंचवीस ते चाळीस. केसांवरून मात्र अंदाज बांधू नये. पाठीवर सॅक, तिच्या तळाशी सेफ्टी शूज, त्यावर थर्मोडायनॅमिक्स आणि सगळ्यात वर रिकामा डबा. संध्याकाळी सहाच्या सुमारास जो इसम बसमध्ये दांडा धरून उभ्या उभ्या झोपतो आणि कॉलेजचा स्टॉप आला की कुणी न हलवता जागा होतो, तो हाच.

मुळात हा डिप्लोमावाला. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा घरातले कोणीतरी म्हणाले, ‘डिप्लोमा कर, लवकर पायावर उभा राहशील.’ तो लवकर उभा राहिला आणि तेव्हापासून शॉप फ्लोअरवर उभाच आहे. गावाकडे त्याला पहिल्या दिवसापासून इंजिनिअर म्हणतात. विहिरीवरची मोटर जळो की ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी न येवो, सुट्टीवर आलेल्या त्यालाच बोलावणे जाते. तो इंजिनिअर नाही ही गोष्ट जगात फक्त कंपनीच्या एचआरला माहीत असते.

डिग्रीचे खूळ डोक्यात शिरण्याचा क्षण बहुतेकांच्या बाबतीत एकच असतो. कंपनीत बाविशीचा एक जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, दाखल होतो. चक कुठल्या बाजूला आवळायचा, ऑफसेट कसा घ्यायचा, स्टोअरकीपरशी कसे गोड बोलायचे, हे सगळे सहा महिने तो याच्याकडून शिकतो. पुढे ट्रेनिंग संपते आणि हाच पोरगा याच्या रजेच्या अर्जावर सही करू लागतो. त्याच संध्याकाळी घरी जाहीर होते, ‘मी डिग्री करतोय.’ आई म्हणते, ‘कर बाबा.’ बायको काहीच म्हणत नाही. तिला पुढची वर्षे तेव्हाच दिसलेली असतात.

जुन्या पिढीचा मार्ग एएमआयईचा होता. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 साली स्थापन झालेली, कोलकात्याला मुख्यालय असलेली संस्था. तिला 1935 साली रॉयल चार्टर मिळाला. एएमआयई ही तिचीच परीक्षा, वर्षातून दोनदा. आधी सेक्शन ए, मग सेक्शन बी. कॉलेज नाही, मास्तर नाही, हजेरी नाही. सारी मदार स्वतःच्या चिकाटीवर. ‘कितवं वर्ष?’ हा प्रश्न एएमआयईवाल्याला कोणी विचारत नसे. विचारायचे ते ‘किती पेपर राहिले?’ ही वाट खडतर होती आणि पार करणारे थोडे, म्हणून झालेल्याला कारखान्यात मान होता. सरकारने 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांचीच ही परीक्षा पदवीच्या बरोबरीची धरली, आणि वाट अरुंद झाली. हल्ली तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांसाठी बी.टेक.ची सोय केली आहे. डिप्लोमा आणि किमान वर्षभराची नोकरी असली की सोयीच्या वेळेच्या वर्गात बसता येते. मालकाकडून कागद तेवढा आणावा लागतो. हा कागद देताना एचआरचा माणूस जो चेहरा करतो, तो जावयाला हुंडा देणाऱ्या सासऱ्याचाही होत नसेल. डिग्री हातात पडली की माणूस सोडून जातो, हा त्याचा अनुभव आहे, आणि तो अगदीच खोटा नाही.

लेक्चर सव्वासहाला. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, तेव्हा पहिला आठवडा बरा जातो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात कॉलेज आणि कंपनी एकाच वेळी भरतात. मग अदलाबदली सुरू होते. दिवाळीच्या पाडव्याची नाइट ‘मी करतो’ म्हणून कबूल केली की सहकारी आठवडाभराची सेकंड घेतो. थर्ड शिफ्टचे दिवस अभ्यासाला सगळ्यात चांगले. व्हीएमसी मशीनवरच्या जॉबचा सायकल टाइम चौदा मिनिटे असेल तर चौदा मिनिटांत एक डेरिव्हेशन बसते. पुस्तक ड्रॉइंगच्या खाली, डोळा दरवाजाकडे, कान मशीनकडे. आवाज बदलला की पुस्तक बंद.

अभ्यासात पहिला दगा गणित देते. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, त्यामुळे एम-वन आणि एम-टू यांची ओळख न होता गाठ पडते ती एकदम एम-थ्रीशी. तिथे लाप्लास ट्रान्सफॉर्म दबा धरून बसलेला असतो. लाप्लास हा फ्रेंच गणिती 1827 साली वारला. भोसरीत त्याच्या नावाने अजून बोटे मोडली जातात.

बाकीचे विषय वेगळ्या तऱ्हेने छळतात, कारण ते याला आधीच येत असतात. कापण्याचा वेग वाढला की टूलचे आयुष्य किती घटते, याचे समीकरण फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. त्यातला घातांक 0.25 धरला तर वेग दुप्पट केल्यावर आयुष्य सोळाव्या हिश्श्यावर येते. आपला माणूस हेच गेली आठ वर्षे साहेबांना सांगतोय: ‘साहेब, स्पीड वाढवू नका, इन्सर्ट जळंल.’ पेपरात त्याने तेच इंग्रजीत लिहिले. आठपैकी तीन मार्क मिळाले.

शाफ्टचेही तसेच. मशीन डिझाइनच्या पेपरात टॉर्क काढायचा, बेंडिंग मोमेंट काढायची, दोन्ही मिळून येणारा ताण तपासायचा आणि अडीच पानांनंतर व्यास 37.6 मिलिमीटर आला की डेटा बुक बघून 40 लिहायचे. कंपनीत ‘स्टोअरला 40चा बार पडलाय’ एवढ्यावर शाफ्टचे डिझाइन पूर्ण होते. उत्तर दोन्हीकडे तेच येत असल्याने हा गोंधळतो. अडीच पाने कशासाठी, हे त्याला तिसऱ्या वर्षी कळते. स्टोअरमधल्या 40च्या बारवर केलेला एक शाफ्ट की-वेजवळ मोडतो आणि तो मोडणारच होता, हे आकडेमोडीने दाखवणारा फ्लोअरवर हा एकटाच निघतो. त्या दिवशी तो घरी श्रीखंड नेतो. कारण सांगत नाही. सांगून कोणाला कळणार?

टर्म संपत आली की सबमिशन. दिवसभर कॉम्प्युटरवर थ्री-डी मॉडेल करणाऱ्या माणसाला इथे हाफ इम्पिरियल शीटवर पेन्सिलने काढून द्यायचे असते. वेळ नसतो, म्हणून जीटी. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग: टीपॉयची काच दोन स्टुलांवर टाकायची, खाली टेबल लॅम्प, वर दुसऱ्याची तपासलेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. पोरगा एक कोपरा धरतो, बायको दुसरा. ‘अहो, हा गोल इथं नव्हता बहुतेक,’ असे तिने म्हणेपर्यंत मूळ शीटवरचा चहाच्या कपाचा डागही प्रामाणिकपणे गिरवून झालेला असतो. जर्नल वेगळेच. त्याच्या प्रत्येक पानाला कूलंटचा वास आणि समासात काळा अंगठा. तपासणारे सर नाक दाबून सही करतात.

ओरलचा प्रसंग मात्र दरवर्षी त्याच वळणाने जातो. एक्सटर्नल आधी गव्हर्नरची आकृती काढायला सांगतात. हा काढतो. मग सहज विचारतात, ‘कुठं असता?’ कंपनीचे नाव ऐकताच पेन खाली ठेवले जाते, खुर्ची पुढे सरकते आणि आवाज मऊ होतो. ‘आमच्या थर्ड इयरच्या पोरांना इंडस्ट्रियल व्हिजिट मिळेल का हो? साठच आहेत.’ पुढची दहा मिनिटे परीक्षार्थी कोण, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता येत नाही. एरवी गेटवरच्या वॉचमनलाही आपले काही चालत नाही, हे हा त्या दहा मिनिटांत कळू देत नाही.

घरी त्याचा दर्जा विद्यार्थ्याचा असतो, फक्त विद्यार्थ्याचे लाड नसतात. लग्न, बारसे, वास्तुशांत, सगळीकडे बायको एकटी जाते आणि ‘यांची परीक्षा आहे’ असे सांगते. पहिल्या वर्षी लोक कौतुक करतात, तिसऱ्या वर्षी ‘अजून?’ म्हणतात. चौथीतला मुलगा आणि बाप एकाच टेबलाशी बसतात. मुलाचे प्रगतिपुस्तक भिंतीवर लागते; बापाचा निकाल मोबाइलमध्ये राहतो, पासवर्डसह. अविवाहिताची गोष्ट निराळी. त्याच्या बायोडेटात ‘बी.ई. मेकॅनिकल’ आधीच छापलेले असते आणि पुढे बारीक अक्षरांत ‘चालू’.

राहता राहिली परीक्षा. ती नेमकी कस्टमर ऑडिटच्या आठवड्यात येते. योगायोग म्हणावा तर तो दर सत्राला जमून येतो. मग रजेच्या अर्जावर आजोबा आजारी पडतात. काही आजोबा तर डिग्री पुरी होईपर्यंत आठ-आठ वेळा अत्यवस्थ होऊन बरे झाले आहेत. साहेबांना हे ठाऊक असते, कारण त्यातल्या अर्ध्याअधिक साहेबांनी आपली डिग्री अशीच आजोबांच्या जिवावर काढलेली असते. डिग्री झाल्यावर या शिकणाऱ्यांतले निम्मे सोडून जातात, हे खरे. उरलेले निम्मे मोडलेला शाफ्ट हातात घेऊन तो का मोडला हे सांगू शकतात, आणि असा माणूस बाहेरून आणायचा तर दुप्पट पगार पडतो. तेव्हा साहेबांनी एवढेच करावे: पेपरच्या दिवसांची रजा परीक्षेच्याच नावाने मंजूर करावी आणि त्या आठवड्यात त्याला थर्ड शिफ्ट लावू नये.