पायगुण

मॅचला चिअरलीडर्स असाव्यात की नसाव्यात, याबद्दल ठाम मत नसलेला फुटबॉलप्रेमी मला अजून भेटायचा आहे. त्यातही गंमत अशी, की जिथे त्या नाहीत तिथली मतं सगळ्यात ठाम. आम्ही राहतो ते शिकागो असंच. इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या ‘बेअर्स’ संघाकडे चिअरलीडर्स नाहीत. एके काळी होत्या. त्यांना नारळ दिला त्याला चाळीसेक वर्षं झाली, पण अजूनही विषय निघाला की चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांचे आवाज चढतात. तेवढ्या काळात या देशात अध्यक्ष किती आले नि गेले, त्यावर कुणी एवढं तावातावाने बोलत नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरी ओलांडलेले, मूळ घराणं पोलंडचं, जन्म शिकागोच्या दक्षिण भागातला, आयुष्यभर नोकरी रेल्वेत. मी मनातल्या मनात त्यांना ‘तात्या’ म्हणतो. आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेत कट्ट्यावर बसून मॅचचा निकाल मॅचच्या आधी आणि हरल्याचं कारण मॅचच्या नंतर सांगणारे जे तात्या होते, त्यांचाच हा गोरा अवतार. बेअर्सची प्रत्येक हार त्यांना तोंडपाठ. आणि प्रत्येक हारीमागे एकच कारण: हनी बेअर्स.

हनी बेअर्स हे त्या चिअरलीडर्सचं नाव. संघाचे संस्थापक जॉर्ज हॅलस यांनी ऐंशी पार केल्यावर ही टूम काढली आणि १९७७ च्या हंगामात पोरी मैदानाच्या कडेला नाचायला लागल्या. (शिस्तीबद्दल दरारा असलेल्या म्हाताऱ्याला त्या वयात हे का सुचलं, यावरही तात्यांकडे दोन मतं आहेत, दुसरं बायकांसमोर सांगण्यासारखं नाही.) १९८३ साली हॅलस गेले. संघ त्यांच्या लेकीकडे, व्हर्जिनिया मॅकॅस्कींकडे आला. त्यांना हा नाच पसंत नव्हता. १९८६ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला. बेअर्सनी न्यू इंग्लंडच्या संघाला ४६-१० असं लोळवलं. अख्खं शहर रस्त्यावर आलं, आणि हनी बेअर्सचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला. जिंकलेल्या मॅचनंतर घरी पाठवलेल्या त्या बहुधा एकट्याच.

त्यानंतर बेअर्सनी सुपर बोल जिंकलेला नाही.

आता आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. नवी सून घरात आली आणि म्हैस आटली, तर ती पांढऱ्या पायाची. इथे उलटं झालं. लक्ष्मी पावलांनी आलेल्या पोरींना सासूबाईंनी भरल्या घरातून बाहेर काढलं, आणि दूध नासलं ते नासलंच. तात्यांनी आपली म्हैस पाहिलेली नाही, पण हिशोब तोच आहे.

सोल्जर फिल्डवर मॅच असली की लोक सकाळपासून पार्किंगच्या जागेत येऊन बसतात. गाडीची डिकी उघडायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, शेगडी पेटवायची. एका डिसेंबरात तात्यांनी आम्हा दोघांना सोबत नेलं. मिशिगन तळ्यावरून येणारा वारा कानाची पाळी शाबूत आहे का हे चाचपून बघायला लावत होता. तात्यांनी तीन स्वेटरांवर बेअर्सच्या वॉल्टर पेटनच्या ३४ नंबरची जर्सी चढवलेली, त्यामुळे चौतिसातला चार काखेपर्यंत पोचला होता. चिमट्याने ते सॉसेज उलटत होते. आमच्या हिने पिशवीतून मक्याची कणसं काढली आणि त्यांच्या शेगडीच्या कडेला बिनदिक्कत मांडली. भाजल्यावर लिंबू, तिखट, मीठ चोळून एक तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन घास खाल्ले, डोळ्यांतलं पाणी हातमोज्याने पुसलं, आणि ते वाऱ्यामुळे आलंय असं सांगितलं.

मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, “दोन हजार सातला गेला होतात की तुम्ही सुपर बोलला.”

“गेलो होतो. आणि कुणाकडून हरलो?”

“कोल्ट्सकडून.”

“चिअरलीडर्स ठेवणारा या लीगमधला पहिला संघ कोणता?”

१९५४ साली, बाल्टिमोरला, कोल्ट्स. पुढे तो संघ इंडियानापोलिसला गेला तरी नाव तेच राहिलं. त्या मॅचमध्ये पहिल्याच किकवर बेअर्सच्या डेव्हिन हेस्टरने चेंडू थेट पलीकडे नेऊन टचडाऊन केला होता आणि तरीही बेअर्स २९-१७ असे हरले होते. तात्यांच्या मते हा योगायोग असूच शकत नाही. ही शिक्षाच, आणि तीही नेमक्या हाताने. मग २०१९ च्या जानेवारीतली ती किक. फिलाडेल्फियाविरुद्ध शेवटच्या क्षणी चेंडू उभ्या खांबावर आपटला, तिथून खाली येऊन आडव्या दांडीवर आपटला, आणि बाहेर पडला. तात्यांनी रिकामं कणीस हवेत धरून चेंडूचा प्रवास दाखवला. “एकदा लागला तर वारा म्हणता येईल. दोनदा?”

मी वादाला तयार होऊन आलो होतो. म्हटलं, “ग्रीन बेचं काय?”

ग्रीन बे हे नाव शिकागोत मोठ्याने घेऊ नये. आजूबाजूच्या दोन शेगड्यांवरच्या माना वळल्या. पण मुद्दा बिनतोड होता. ग्रीन बे पॅकर्सनीही १९८८ साली स्वतःच्या चिअरलीडर्स बंद केल्या. तरी त्यांनी नंतर दोनदा सुपर बोल मारला. त्यातला दुसरा, २०११ च्या फेब्रुवारीतला, तर पिट्सबर्गविरुद्ध. पिट्सबर्गकडेही चिअरलीडर्स नाहीत. दोन्ही बाजूंना एकही चिअरलीडर नसलेला तो पहिलाच सुपर बोल, आणि आकाश काही कोसळलं नाही. न्यूयॉर्क जायंट्सकडेही नाहीत, त्यांच्या नावावर तर चार.

तात्यांनी सॉसेज शांतपणे पावात घातलं. “जायंट्सनी लग्नच केलं नाही. ग्रीन बेवाल्यांचा काडीमोड समजुतीने झाला. आम्ही वरातीच्या दिवशी बाईला घराबाहेर काढलं. फरक आहे.”

“आणि क्लीव्हलंड? त्यांच्याकडेही नाहीत, आणि सुपर बोलचं तोंडही बघितलेलं नाही.”

“क्लीव्हलंडला कारण लागत नाही,” ते म्हणाले.

आता एवढी श्रद्धा म्हटल्यावर या माणसाने हनी बेअर्सचा नाच डोळे भरून पाहिला असेल, असं कुणालाही वाटेल. हिने विचारलं, नाचायच्या कशा? तात्या अडखळले. तेव्हा त्यांची जागा वरच्या रांगेत होती, तिथून ठिपके दिसायचे. शिवाय त्या नाचायच्या तेव्हा हे बीअर आणायला जायचे. तोच सोयीचा वेळ. मी पुढे बऱ्याच जणांना हे विचारलं. बाजूचे असोत की विरुद्ध, नाच नीट पाहिलेला कुणी सापडला नाही. या खेळात घड्याळ साठ मिनिटांचं, मॅच तीन तासांची, आणि चेंडू प्रत्यक्ष हलतो तो काळ एका वर्तमानपत्राने मोजला तर भरला अकरा मिनिटं! उरलेल्या वेळात माणसाने करायचं काय म्हणून तर चिअरलीडर्स आल्या. पण तो वेळ लोक खाण्यात, मोबाइलमध्ये आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत घालवतात. संघ जिंकत असला तर चिअरलीडर्स कुणाला दिसत नाहीत. हरायला लागला की मात्र सगळ्यांना एकदम दिसतात. खेळाकडे लक्ष द्या म्हणावं, यांची नखरेल थेरं कशाला! आणि नसतील तर, नाहीत म्हणूनच हरलो. मत चिअरलीडर्सबद्दल असतंच कुठे? ते धावफलकाबद्दल असतं, फक्त त्याला स्कर्ट नेसवलेला असतो.

त्यांच्याबद्दल खरा प्रश्न एकट्या आमच्या हिने विचारला. “त्यांना देतात किती?”

शेगडीभोवती एकदम शांतता. प्रत्येक हारीपासून पार्किंगच्या दरापर्यंत सगळं माहीत असलेल्या तात्यांना हे माहीत नव्हतं. मला होतं, कारण २०१४ साली ओकलंड रेडर्सच्या चिअरलीडर्सनी संघाला कोर्टात खेचलं तेव्हा ते पेपरात आलं होतं. मॅचमागे १२५ डॉलर. तालमीचे तास त्यात धरलेले नाहीत, आणि केशभूषेचा खर्च ज्याचा त्याने. शेवटी साडेबारा लाख डॉलरवर तडजोड झाली. डॅलसच्या मुली तर जगप्रसिद्ध, त्यांच्यावर मालिका निघाली, आणि मालिकेचे दोन हंगाम होईपर्यंत त्यांनाही पगारासाठी भांडावं लागलं. हे ऐकल्यावर तात्यांनी तिकिटाचा, पार्किंगचा, बीअरचा असा मनातल्या मनात हिशोब केला असावा. ओठ हलत होते. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही शापसुद्धा स्वस्तातला घेतला.”

यात भर घालून हिने आणखी एक काडी टाकली: पुरुष का नाचत नाहीत? तर इतिहास असा की सुरुवात पुरुषांनीच केली. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या मॅचला जॉनी कॅम्बेल नावाच्या विद्यार्थ्याने गर्दीसमोर उभं राहून घोषणा द्यायला लावल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं हे काम पोरांचंच होतं. त्याला मान होता. पुढे अध्यक्ष झालेल्या आयसेनहॉवरचा गुडघा दुखावून फुटबॉल सुटला तेव्हा ते वेस्ट पॉइंटला चिअरलीडर झाले. रेगन आपल्या कॉलेजात होते, धाकटे बुश शाळेत होते. म्हणजे घसा ताणून ओरडणारा मुलगा दिसला की लोक म्हणायचे, पोरगा पुढारी होणार. त्याच जागी मुलगी आली की तेच लोक विचारू लागले, हिचा खेळाशी काय संबंध? २०१९ च्या सुपर बोलला लॉस एंजेलिसच्या संघाकडून दोन पुरुष नाचले तेव्हा ‘आजवर असं कधी घडलं नाही’ म्हणून केवढा गदारोळ झाला. तात्या इतकंच म्हणाले, की पुरुष चालतील, पण बेअर्सनी काढलेल्या बायकांशी आधी मिटवा.

आपल्याकडे हा विषय आला तो क्रिकेटच्या आडून. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या मालकांनी वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या चिअरलीडर्सच विमानात घालून आणल्या. महाराष्ट्रात तेव्हा डान्सबारवरच्या बंदीला तीन वर्षं झाली होती, त्यामुळे मंत्र्यांपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांनी कपड्यांची लांबी मोजून घेतली. पुण्याने आपला मार्ग वेगळा काढला. २०११ साली पुणे वॉरियर्स आले ते शास्त्रीय नृत्याच्या पेहरावातल्या मुली घेऊन. षटकारावर मुद्रा. संघ तळाच्या आसपास राहिला, पण संस्कृतीकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवली नाही. पुण्यात एवढ्यावर मॅच जिंकल्यासारखीच असते.

मी मात्र कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पायाने खेळतात, आणि संघ तालमींचे. कुस्तीसाठी बांधलेल्या तालमींनी पेठापेठांतून फुटबॉलचे संघ उभे केले: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर या संघांची गाठ पडली की हलगी कडाडते, घुमकं लागतं, शिट्ट्यांनी कान बधिर होतात, आणि पायऱ्यांवर उभा राहून नाचत नाही तो बाहेरगावचा. एका फायनलला माझ्या पुढच्या पायरीवर एक सोनार होते, दुकानात बोटभर चिमट्याने मोती उचलणारे. गोल झाला आणि त्यांनी टोपी तोंडात धरून जो फेर धरला, तो बघताना त्यांच्याकडे टाकलेल्या आमच्या दागिन्यांची मला काळजी वाटली. पंच काय देतो याकडे लक्ष नाही. हलगीवाल्याने ताल सोडला तर मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार.

परवा तिथल्या एका जिगरी मित्राला फोन केला. हा पाटाकडीलचा. सगळं पुराण सांगितलं आणि विचारलं, “भावा, शाहू स्टेडियमवर चिअरलीडर्स आल्या तर?”

“त्या काय करणार?”

“नाचणार. गोल झाला की.”

“आणि आम्ही काय करायचं? बघत बसायचं व्हय?”

“हां, बघायचं.”

“खुळा काय तू? तिकीट काढून, स्टेडियमात जाऊन, दुसऱ्यानं नाचायचं आणि आम्ही हाताची घडी घालायची? त्यापेक्षा घरात टीव्ही बघतो की.” जरा थांबला. मग आवाज उतरवून म्हणाला, “पाठवणारच असशील तर दिलबहारच्या बाजूला पाठव. त्यांच्या पोरांचं चित्त विचलित होईल, तेवढाच आपला फायदा.”

म्हटलं, “आणि दिलबहार जिंकलं तर?”

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुणीतरी चहाचे कप आपटत होतं.

“तसं झालं,” तो म्हणाला, “तर पुढच्या मॅचला त्यांना गपगुमान आपल्या बाजूला घ्यायचं. पण नाचू आम्हीच. त्यांना म्हणावं, बसा.”