गाडी नासाऊला नऊ तास थांबेल

मायामीच्या धक्क्यावर आमचे कंट्रोलर पहिल्यांदा खूश झाले ते जहाजाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'नासाऊ' लिहिलेलं पाहून. एसटीच्या अलिबाग आगारात चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. त्यांना जहाजाच्या मजल्यांचं कौतुक नाही, लेकीने-जावयाने भरलेल्या पैशांचं नाही. पाटी बरोबर लागली आहे, याचं समाधान. "पुढच्या बाजूलाही लावायला हवी होती," एवढी सूचना करून ते आत शिरले.

रात्री आम्हाला जेवण वाढणारा मुलगा मडगावचा निघाला. बोटीवर नोकरी करणाऱ्याला गोव्यात तारवटी म्हणतात, आणि तारवट्याला आपलं माणूस अर्ध्या शब्दात ओळखू येतं. मी "वरण आहे का रे?" असं पुटपुटले आणि तो हसला. त्यानेच खुलासा केला, "अंकल, ती पाटी नाही. बोटीचं रजिस्ट्रेशन आहे." ऑफिस फ्लोरिडात, वेटर गोव्याचे नि फिलिपिन्सचे, प्रवासी अमेरिकन, पण कागदोपत्री बोट बहामाची. झेंडाही बहामाचा. कर कमी आणि नोकरांबाबतचे नियम सैल म्हणून अशा कितीतरी बोटी नासाऊच्या नावावर आहेत.

"म्हणजे नागालँड पासिंग!" कंट्रोलर इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा चमचा थांबला.

खासगी ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्या आपल्या रस्त्यांवरून नागालँड आणि अरुणाचलच्या नंबरांनी धावतात. त्या गाड्यांनी जन्मात नागालँड पाहिलेलं नसतं. आगाराच्या फाटकासमोर उभं राहून आपले प्रवासी पळवणाऱ्या त्या गाड्यांशी यांचं चौतीस वर्षांचं वैर. ते काटा खाली ठेवून म्हणाले, "शेवटी बसवलं ना पोरीने मला ट्रॅव्हल्समध्ये!"

आमचं जहाज निदान आपल्या पासिंगच्या गावी जातं तरी. पण तेही मायेपोटी नाही. अमेरिकेचा 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला नुसती अमेरिकन बंदरं दाखवून प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, मध्ये कुठेतरी परदेश लागावा लागतो. मायामीहून एका रात्रीत गाठता येणारा परदेश म्हणजे बहामा. म्हणजे जहाज परदेशी का, तर ते बहामाचं; आणि परदेश गाठायला ते जातं कुठे, तर बहामाला. माहेरी आलेल्या लेकीकडून पाहुण्यांच्या वहीत सही घ्यावी, त्यातला हा प्रकार.

सकाळी आठला नासाऊ आलं. धक्क्यावर आमच्याआधी तीन बोटी उभ्या होत्या. या बंदरात एका वेळी सहा मावतात. देशाची लोकसंख्या जेमतेम चार लाख आणि एका सकाळी चार बोटींतून इतकी माणसं उतरतात की आषाढीची आठवण व्हावी. फरक एवढाच की पंढरपूरला लोक कुणाला तरी भेटायला येतात.

उतरताना पहिलं विघ्न माझ्या पर्समध्ये निघालं: दोन केळी. सकाळच्या नाश्त्यातून घेतली होती. चोरली म्हणणार नाही, पैसे भरलेलेच होते. पण जहाजावरची फळं बेटावर न्यायला बंदी. फाटकावरच्या गार्डने केळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग केराच्या डब्याकडे. कोकणातल्या बाईला केळं टाकायला सांगतो म्हणजे काय! आम्ही दोघांनी तिथेच उभ्या उभ्या एकेक केळं संपवलं. मागे रांग खोळंबली होती. कंट्रोलरांनी तोंडात केळं असतानाच हाताने रांगेला बाजूने जायची खूण केली आणि रांग मुकाट गेली. हा हात तयार व्हायला अर्धं आयुष्य लागतं.

बंदरातून गावात जायचा रस्ता दुकानांमधून जातो. आदल्या रात्री जहाजाच्या नाट्यगृहात एका हसऱ्या बाईंचं व्याख्यान झालं होतं: कुठल्या दुकानातले हिरे खात्रीचे, कुठल्या घड्याळांची हमी आहे, नकाशावर कुठल्या दुकानांना तारा दिला आहे. नकाशाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत लिहिलं होतं की या दुकानांनी जाहिरातीचे पैसे दिले आहेत. कंट्रोलरांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. रातराणी मधल्या हॉटेलला थांबते तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरची थाळी पडद्यामागे लागते आणि चहाचा भाव पडद्याच्या अलीकडे ठरतो. "थांबा कोण ठरवतं यावर सगळं असतं," ते म्हणाले. "प्रवाशाला वाटतं, गाडी त्याच्या लघवीसाठी थांबली."

बाहेर पडलो आणि हे रस्त्याच्या कडेला खिळून उभे. इथे वाहनं आपल्यासारखी डाव्या बाजूने चालतात, इंग्रजांनी घालून दिलेली वळणं. पण पुष्कळ गाड्या अमेरिकेतून आणलेल्या, म्हणून स्टिअरिंगही डावीकडेच. ड्रायव्हर गटाराच्या बाजूला बसलेला. "ओव्हरटेक कसा करतो हा? समोरचं दिसतं कसं?" मी म्हटलं, समुद्र निळा आहे, बघा तरी. ते म्हणाले, "समुद्र अलिबागलाही आहे." पुढची पंधरा मिनिटं आम्ही त्या उष्ण कटिबंधातल्या स्वर्गात एक चौक पाहिला.

मग राणीचा जिना. चुनखडीचा डोंगर उभा कापून केलेल्या 66 पायऱ्या. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये गारवा, बाजूने पाणी ठिबकतं. कंट्रोलरांनी मोजल्या त्या 65 भरल्या. खाली येऊन पुन्हा मोजल्या. पुन्हा 65. तिथे एक गाइड तीच गोष्ट दिवसातून पन्नास वेळा सांगत होता. त्याने सांगितलं, तळाची पायरी रस्ता करताना गाडली गेली. हिशेब जुळला. पण त्या गाइडने शेवटी आवाज न चढवता सांगितलं ते मला जिन्यावरून उतरेपर्यंत पुरलं: 1793-94च्या सुमारास गुलामांनी हातांनी हा डोंगर फोडला. नाव दिलं व्हिक्टोरिया राणीचं, आणि ही राणी जन्मली 1819 साली. फोडणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. पायऱ्या तयार झाल्यावर पंचवीस वर्षांनी जन्मलेल्या मुलीचं आहे. आमच्याकडेही या बाईंच्या नावाचं एक स्टेशन होतं, म्हणून मला फार नवल करता येईना.

बाजारात मात्र मी रमले. गवतकामाचा हा बाजार इथे प्रसिद्ध. दोन्ही बाजूंनी बायका "कम हिअर, डार्लिंग" म्हणून बोलावतात. चौतीस वर्षं माझ्या नवऱ्याने मला एकदाही डार्लिंग म्हटलेलं नाही, त्यामुळे पहिल्या तीन दुकानांत मी उगीचच शिरले. पिशव्यांवर रंगीत दोऱ्याने 'बहामा' भरलेलं. आतली शिवण उलटून पाहिली तर चिठ्ठी: मेड इन चायना. शेजारी कवटीचं चित्र असलेल्या चाच्यांच्या टोप्या, त्याही तिथल्याच.

चौथ्या दुकानात एक म्हातारी बाई कुणालाच बोलवत नव्हती. तिच्या मांडीवर पानांच्या बारीक पट्ट्या होत्या, ताडाच्या कुळातलं काहीतरी, वाळवून पांढुरकं झालेलं. ती विणत होती. नजर रस्त्यावर, बोटं आपली आपली चाललेली: एक खाली, एक वर, अंगठ्याने दाबायचं, पुन्हा एक खाली. वेणीसारखी लांब पट्टी मांडीवरून घसरत खालच्या टोपलीत गोल गोल पडत होती. मग हीच पट्टी चक्राकार शिवत गेलं की टोपी होते, टोपली होते. माझी आजी मे महिन्यात खळ्यात बसून माडाची झापं विणायची ती अशीच, पावसाबद्दल कुणाशी तरी भांडत, हातांकडे न बघता. मी पट्टी हातात घेऊन कड तपासली. कुठे सैल नाही. बाईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि भाव सांगितला. मी माझ्या दादर-मंडईच्या सवयीने निम्मा म्हणाले. तिने उत्तर दिलं नाही. पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि पुढचा टाका घातला. मी पूर्ण पैसे दिले. एवढी लाज मला केळ्यांची वाटली नव्हती.

तेवढ्यात कंट्रोलरांचा आवाज चढलेला ऐकू आला. ते चाच्यांच्या टोप्यांपाशी एका अमेरिकन गृहस्थाला गाठून उभे होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नासाऊ हा चाच्यांचा अड्डा होता. 1718 साली इंग्रजांचा गव्हर्नर वुड्स रॉजर्स इथे आला, त्याने काही चाच्यांना माफी दिली, काहींना फासावर चढवलं, आणि या वसाहतीचं लॅटिन बोधवाक्य झालं, त्याचा अर्थ: चाच्यांना हाकललं, व्यापार पुन्हा सुरू झाला. हा रॉजर्स स्वतः आधी सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटत असे, म्हणजे त्याच्याकडे परमिट होतं, एवढाच फरक. इथवर तो अमेरिकन सांगत होता. कंट्रोलरांनी पुढचं हाती घेतलं. त्याच वर्षांत, याच इंग्रजांनी, आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचा म्हटलं! सरखेल होते ते, मराठ्यांच्या आरमाराचे! समाधी आहे आमच्या गावात, बसस्टँडपासून चालत! हे सगळं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. तो भला माणूस मान हलवत राहिला आणि शेवटी, बहुधा सुटका म्हणून, त्याने एक टोपी विकत घेतली. चाच्यांना हाकलून आणलेला व्यापार आता चाच्यांवरच चालतो.

जेवायचं म्हणून आम्ही जिटनीत बसलो. ही इथली छोटी बस. चढणारा प्रत्येक जण आधी अख्ख्या बसला 'गुड मॉर्निंग' म्हणतो, आणि पैसे उतरताना ड्रायव्हरला देतो. कंडक्टर नाही, तिकीट नाही, पंचिंग नाही. "आणि पैसे न देता उतरला तर?" यांनी मला विचारलं. कोणी उतरलं नाही. ते पुढचा सगळा रस्ता गप्प होते.

अॅरावाक के नावाच्या जागी समुद्राकाठी माशांची रंगीत हॉटेलं आहेत. एका टपरीत एक तरुण शंख फोडत होता. चांगला वीतभर मोठा, आतून गुलाबी ओठाचा. हातोड्याने माथ्याशी भोक, सुरी आत, एक हिसका, आणि प्राणी बाहेर. तो धुऊन, कच्चाच बारीक कापून, त्यात कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, तिखट मिरची, वर लिंबू नि संत्रं पिळून. थोडक्यात, कोशिंबीर. कंट्रोलर दोन पावलं मागे सरले. "देव्हाऱ्यात ठेवतो आपण तो!" मी म्हटलं, देव्हाऱ्यातला वेगळ्या जातीचा असतो, आणि शिमग्यापासून पावसापर्यंत तिसऱ्यांचं सुकं मागून मागून खाणाऱ्याने शंखाचं सोवळं पाळू नये. यावर त्यांनी खरं कारण काढलं. "बोटीवर जेवण साडेतीनपर्यंत आहे. पैसे भरलेत."

इथे आमचा बेटावरचा दिवस संपला. मी ती कोशिंबीर उभ्याने, घाईघाईत खाल्ली. आंबट, तिखट, समुद्राची चव आणि दाताखाली लवचीक. तो तरुण विचारत होता, अजून लिंबू? आणि बाजूला नवरा घड्याळाकडे पाहत होता. फुकट जेवणाइतकी लांब दोरी जगात नाही. माणूस कुठेही फिरू दे, साडेबाराला ती ओढायला लागते. सव्वादोनला आम्ही अकराव्या मजल्यावर होतो. बहामातल्या दुपारी, डोळ्यांसमोर बहामाचा समुद्र, आणि ताटात राजमा-भात.

खाली बंदराच्या भिंतीशी मोबाइल घेऊन वीसेक माणसं बसली होती. त्यांत आमचा मडगावचा मुलगा. दोन तासांची सुटी, किनाऱ्यावरचं वायफाय. त्याने रात्री सांगितलं, चौथं कॉन्ट्रॅक्ट आहे, नासाऊला किती वेळा आलो ते मोजलं नाही, आणि राणीचा जिना अजून पाहिलेला नाही. "किती पायऱ्या आहेत, अंकल?" यांनी अख्खा हिशेब सांगितला, गाडलेल्या पायरीसकट.

साडेचारनंतर डेकवर गर्दी झाली. उशीर केलेले प्रवासी धक्क्यावरून पळत येतात, ते पाहायला. लोक टाळ्या वाजवतात, शिट्ट्या घालतात, पेल्यातली दारू सांडेपर्यंत हसतात. खाली एक जोडपं धावत होतं. नवरा पुढे, बायको मागे, तिच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात गवताची टोपी. सगळा डेक हसत होता. कंट्रोलर कठड्याशी गेले आणि त्यांनी जीव तोडून आवाज दिला, "थांबवा रे! दोन प्रवासी आहेत!" मग आपोआप त्यांचा हात वर गेला, घंटीची दोरी शोधत.

जोडपं पोचलं. फळी ओढली गेली. पलीकडच्या धक्क्यावरची बोट आमच्याआधी सुटली आणि हळूहळू वळून आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे निघाली. पाठीवर ठसठशीत अक्षरं.

"नासाऊ सोडून चालली," हे म्हणाले, "आणि पाटी अजून नासाऊचीच."

मी म्हटलं, रजिस्ट्रेशन आहे ते.

"ते ठीक आहे. पण मधल्या थांब्यावरच्या प्रवाशाने कुठली गाडी समजायची?"