सुपरयूजर, मुक्काम रत्नागिरी

आंब्याचा हंगाम संपला की आमच्याकडे बायकांची पंचाईत होते. मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. मग जूनच्या पहिल्या पावसात अंगण धुऊन निघतं, आंबापोळ्या डब्यात जातात आणि दिवस एकदम लांबलचक होतो. पुरुषांचं बरं असतं. ‘बागेत पाणी कुठे तुंबलंय बघून येतो’ म्हणून ते छत्री घेऊन निघतात आणि मारुती मंदिरापाशी चहा पिऊन परत येतात. मी यंदा या मोकळ्या दिवसांत जँगो शिकायला घेतलं.

याचं मूळ आमच्या वहीत आहे. गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कुणाला पाच डझनी पेटी लागते, कुणाला एक डझनाचा खोका, कुणाचे पैसे यायचेत, ‘गेल्या वर्षी तळातले चार आंबे आंबट निघाले’ असं सांगून दरसाल भाव कोण पाडतो, हे सगळं एका लांबट वहीत असतं. वही ह्यांच्या ताब्यात. अक्षरही ह्यांचं, त्यामुळे ती वाचता येणारे एकटे हेच. पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेला माझा भाचा मे महिन्यात आला होता. त्याने ती वही उलटसुलट धरून पाहिली.

“मावशी, वेबसाईट का नाही करत?”

“करून दे की मग.”

“मी करून दिली तर जन्मभर मलाच निस्तरायला लागेल. तू शीक. जँगो घे, सोपं आहे.”

पुण्याच्या माणसाने सोपं म्हटलं की मी एरवी सावध होते. पण बाहेर पाऊस होता आणि घरात फणस संपला होता. ह्यांनी एवढंच म्हटलं, “कर काय ते. वहीला लाईट लागत नाही, एवढं लक्षात ठेव.”

जँगो म्हणजे वेबसाईट उभारण्यासाठी लागणारा तयार सांगाडा. त्याचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’च्या वेबसाईटसाठी एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ साली तो बांधायला घेतला. बातमीदारांना सगळं काही तासांत हवं असायचं, तेव्हा दरवेळी पाया खणत बसण्यापेक्षा एकदाच घालून ठेवू, असा त्यांचा हिशेब. जुलै २००५ मध्ये त्यांनी तो जगाला फुकट दिला. लोकमान्यांच्या जन्मगावात राहून वर्तमानपत्रातून निघालेल्या गोष्टीला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. अंगात काटेकोरपणा आहे आणि डोक्यावर मुदतीची टांगती तलवार आहे, अशा माणसांसाठी हा सांगाडा, अशी त्याची जाहिरात आहे. रत्नागिरीत काटेकोर माणसं पैशाला पासरी मिळतील. मुदतीचं मात्र अजून कुणी मनाला लावून घेतलेलं नाही.

नाव ठेवलंय जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. (स्पेलिंगमध्ये आधी एक ‘डी’ आहे, तो गप्प असतो.) हा गृहस्थ १९१० साली बेल्जियममध्ये जन्मला, म्हणजे आमचा थिबा राजवाडा बांधून झाला त्याच वर्षी. १९२८ मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली, त्यात डाव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली. मग उरलेल्या दोन बोटांनी त्याने असं काही वाजवलं की अजून लोक ऐकतात. मीही टायपिंग दोनच बोटांनी करते. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, तू आधी पायथन इन्स्टॉल कर.”

पायथन चढवायचं म्हणजे पहिल्याच खिडकीत तळाशी एक बारीकसा चौकोन असतो. त्यावर खूण केली तर पुढचं आयुष्य सुखाचं जातं, नाही केली तर तुम्ही ‘पायथन’ असं टाइप करता आणि संगणक अशा कुणाला आपण ओळखत नसल्याचं कळवतो. एवढा महत्त्वाचा चौकोन मुळात कोरा का ठेवतात? भाचा म्हणाला, “तशी पद्धत आहे.” यापुढे बोलणं खुंटतं हे आम्हा सासुरवाशिणींना कुणी शिकवायला नको.

मग व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट. हे मात्र मला वाचताक्षणी पटलं. एका प्रकल्पाला जँगोची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकत्र नांदवायला गेलं की भांडणं. म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली काढून द्यायची आणि ज्याचं सामान त्याच्या खोलीत ठेवायचं. घर एक, चुली दोन. हा शोध आमच्या घराण्यात १९८८ साली लागला, तेव्हापासून मी आणि जाऊबाई गुण्यागोविंदाने राहतो आहोत. ‘बाग’ नावाचा प्रकल्प काढायला सांगितला तर जँगोने बाग नावाचं फोल्डर केलं आणि त्याच्या आत आणखी एक बाग. भाच्याला विचारलं नाही. पद्धत असणार.

शेवटी ‘मॅनेज डॉट पीवाय रनसर्व्हर’ अशी आज्ञा दिली आणि पडद्यावर एक छोटं हिरवट रॉकेट उडालेलं दिसलं. खाली लिहिलं होतं, सगळं सुरळीत बसलं, अभिनंदन. त्याच वेळी मागच्या काळ्या खिडकीत लाल अक्षरांत तक्रार आली होती की अठरा मायग्रेशनं अजून लागू केलेली नाहीत. म्हणजे पुढच्या दारी अभिनंदन आणि मागच्या दारी थकबाकी.

आमचे चुलतसासरे, ज्यांना सगळी आळी काका म्हणते, चष्मा वर करून पुढे वाकले.

“हे रॉकेट कशाला?”

“वेबसाईट चालू झाली, काका.”

“हो काय? मग आंबा कुठाय?”

“तो अजून घालायचाय.”

“असं होय. रॉकेट आधी सोडायचं आणि मग विकायचं काय ते बघायचं. चालू दे, चालू दे, सूनबाई. हल्ली सरकारही असंच करतं.”

पु. लं.नी अंतू बर्वा लिहून ठेवल्यापासून रत्नागिरीच्या माणसाला सरळ बोलण्याची सोयच उरलेली नाही. भाजी खारट झाली तर इथे कुणी ‘खारट झाली’ म्हणत नाही. ‘मिठागराला गेला होतात वाटतं’ म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून समोरच्याला नेमकं काय खटकलंय हे ओळखण्यात माझी निम्मी बुद्धी खर्ची पडली आहे. आणि इथे जँगो! काही बिघडलं की तो एक पिवळं पान समोर धरतो. कुठल्या फाईलमध्ये बिघडलं, कितव्या ओळीत बिघडलं, ती ओळ काय होती, सगळं लिहून. वर पायथनचा मोठा पाढा येतो, तो घाबरून न जाता खालून वर वाचायचा, शेवटच्या ओळीत खरं कारण असतं. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, तर ‘तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?’ असंही अदबीने विचारतो. टोमणा नाही, तिसऱ्याकडे बघून बोलणं नाही. मी त्या पिवळ्या पानाच्या प्रेमातच पडले. भाच्याने सांगितलं की साईट लोकांसाठी खुली करताना ‘डीबग’ची किल्ली बंद करायची, मग हे पान दिसत नाही, बाहेरच्याला फक्त ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच कळतं. म्हटलं, शहाणा आहे. घरातलं घरात.

सेटिंग्जची फाईल ही बसून वाचण्यासारखी गोष्ट आहे. तिथे घड्याळ मुळात ग्रीनिचचं लावलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर पहाटे पाचला नोंदवलेली ऑर्डर आदल्या रात्री साडेअकराची दिसते, आणि पहाटे पाचला आंब्याची ऑर्डर देणारी मंडळी मुंबईत आहेत. ‘एशिया/कोलकाता’ असं लिहिलं की तो साडेपाच तासांचा घोळ मिटतो. भाषांची यादी तर आणखी मजेची. तिच्यात मराठी आहे, ‘एमआर’ या नावाने. शेजारी मलय आणि मलयला लागून बर्मी! १८८६ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला आणून रत्नागिरीत ठेवला, तीसएक वर्षं समुद्राकडे बघत बसून १९१६ साली तो इथेच गेला. इतक्या वर्षांनी कॅन्ससच्या सांगाड्यात बर्मी पुन्हा आमच्याच आळीत राहायला आलेली बघून मला आपलं बरं वाटलं. काकांना दाखवलं. ते म्हणाले, “भाडं देतात का?”

जँगोच्या अधिकृत धड्यात आंबे विकत नाहीत, मतदान घेतात. एक प्रश्न, त्याखाली पर्याय, एकावर टिचकी मारली की मत. भाच्याने बजावलं होतं की आधी तो धडा पुरा कर, मग आंब्याला हात लाव. मतदान चालवायला मालक लागतो, त्याला म्हणतात सुपरयूजर. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मी आपला गॅसचा ग्राहक क्रमांक दिला. जँगो म्हणाला, यात नुसते आकडे आहेत, हे चालायचं नाही. आणि एवढं सुनावून पुढच्या ओळीत विचारतो, तरी हाच ठेवायचाय का? हा मात्र अस्सल आमच्याकडचा निघाला.

प्रश्न घातला, ‘हापूस कुठला चांगला?’ यादीत तो ‘क्वेश्चन ऑब्जेक्ट, कंसात १’ असा कैद्यासारखा दिसायला लागला, मग दोन ओळी वाढवून त्याला नाव मिळवून दिलं. पहिला पर्याय रत्नागिरी. दुसरा देवगड, कारण जाऊबाईंचं माहेर देवगडचं आणि चूल वेगळी असली तरी विहीर एक आहे.

काकांना दुसरा पर्यायच मंजूर नव्हता. “दुसरा कशाला पाहिजे?”

“निवडणुकीत दोन तरी लागतात, काका.”

“१९८१ सालापर्यंत देवगड आपल्याच जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा काढला म्हणून कलमांना काही निराळी मुळं फुटली नाहीत. देवगडचा चांगला म्हणजे रत्नागिरीचाच चांगला.”

“असं असेल तर देवगडला मत द्या ना,” दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या जाऊबाई म्हणाल्या. “तुमच्याच जिल्ह्याचं.”

काकांनी चहा घेतला. मग २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन देताना सरकारने रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचही जिल्हे एकाच पंक्तीला कसे बसवले यावर ते बराच वेळ बोलले. पालघरपाशी त्यांचा आवाज चढला. तेवढ्यात जाऊबाईंनी ट्रे ठेवायला म्हणून जागा केली, उंदीर सरकवला आणि मत दिलं. काकांनी ते पाहिलं. त्यांनी चष्मा पुसून रत्नागिरीला मत दिलं. मग आणखी एक. धड्यातलं मतदान तुम्ही कोण, आधी मत दिलंय का, असलं काही विचारत नाही. दोघांनी एकाच क्षणी टिचकी मारली तर एकाचं मत गहाळ होऊ नये, याची काळजी मात्र एका ओळीत घेतलेली आहे. म्हणजे बोगस मतं चालतील, पण ती मोजायची प्रामाणिकपणे. सुपरयूजरला मतांचा आकडा थेट खोडून हवा तो घालता येतो, हे मी दोघांनाही सांगितलं नाही.

ऐन रंगात लाईट गेली. पंखा थांबला, कोपऱ्यातला नेटचा दिवा मालवला, ह्यांनी झोपाळ्यावरून “वही आहे हो इकडे” असं सुचवून पाहिलं. पण लॅपटॉपला बॅटरी होती आणि साईट लॅपटॉपमध्येच होती. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ज्या यंत्रावर बसलात तेच यंत्र, त्याला ना तार लागते ना टॉवर. मी काळोखात टिचकी मारली, पान उघडलं. काकांच्या तोंडून पहिल्यांदाच सरळ वाक्य आलं: “कमाल आहे.”

सकाळपर्यंत देवगड चौदा मतांनी पुढे होतं. जाऊबाई पहाटे उठतात. काकांनी माझ्याकडून पत्ता मागून घेतला, तो कॅलेंडरच्या पाठीमागे आकड्यांत लिहिला, एकशे सत्तावीस, टिंब, शून्य, टिंब, शून्य, टिंब, एक, आणि पुढे दोन टिंबं देऊन आठ हजार. मग मुलुंडच्या लेकीला फोन लावला, घरातल्या सगळ्यांनी झाडून मत द्यायचं म्हणून. पत्त्याबद्दल मी दोनदा तोंड उघडलं. काकांनी हाताने थांबवलं. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं, पान उघडत नाही, नुसतं गरगर फिरतंय, असं काहीसं. काकांनी ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

“मुलुंडला नेटच धड नाही, सूनबाई,” ते म्हणाले. “आणि ही माणसं आपल्याला कोकणात सोयी नाहीत म्हणून सांगतात.”