अकोलेकराने ड्युरोटारला जाऊ नये

प्रवासाला निघणारा माणूस आधी गाव ठरवतो, मग तिकीट काढतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळात सगळं उलट. तिथे आधी आपण कोण हे ठरवायचं, माणूस, बुटका, भूत की बैल, आणि त्यावरून जन्मगाव आपोआप पदरात पडतं. ना दाखला लागतो, ना पडताळणी समिती. एक क्लिक केलं की झालं. मात्र मागाहून ही ‘रेस’ बदलायची म्हटलं तर कंपनी त्याचे वेगळे पैसे घेते.

अमेरिकेच्या ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी आणला, तेव्हा अझेरॉथ नावाच्या त्याच्या जगात आठ रेस होत्या आणि त्या दोन पक्षांत वाटलेल्या होत्या. अलायन्सकडे माणसं, ड्वार्फ, नोम आणि नाइट एल्फ. होर्डकडे ऑर्क, ट्रोल, टॉरेन आणि अनडेड. रेस आठ, पण जन्मगावं सहाच, कारण ड्वार्फ-नोम एका दरीत आणि ऑर्क-ट्रोल दुसऱ्या दरीत दाटीवाटीने नांदत. पुढे रेस वाढत गेल्या, जुनी गावं बदलली, आणि लोक जुन्या गावांसाठी इतके हळहळले की ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने मूळ खेळ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा सुरू केला.

आपले प्रवासी दोन मावसभाऊ. थोरला अकोल्याच्या जठारपेठेत राहतो आणि बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो. धाकटा अमरावतीला राजापेठेत राहतो आणि इंजिनीअरिंगचा अभ्यास करतो, असं घरी सांगतो. दोघांचा बेत एकच: रात्री जेवणं उरकली की क्लासिकमध्ये भेटायचं. भेटायचं कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

थोरल्याने ऑर्क निवडला. कारण विचारलं तर म्हणाला, “खांदे पाय ना याचे!” खांदे खरोखर पाहण्यासारखे होते. पण खांद्यांबरोबर ड्युरोटार आलं. तिथली व्हॅली ऑफ ट्रायल्स म्हणजे लाल माती, निवडुंग, विंचू आणि रानडुकरं. पहिलं काम रानडुकरं मारण्याचं. वऱ्हाडात बियाण्यांच्या दुकानात बसणाऱ्याला दिवसभर गिऱ्हाइकांकडून रानडुकरांचंच गाऱ्हाणं ऐकावं लागतं. आता रात्रीही तेच. पुढचं काम निवडुंगाची फळं गोळा करण्याचं. त्यानंतरचं मात्र कळसाचं. थाझरिल नावाचा मुकादम हातात सोटा देतो आणि सांगतो, कामचुकार मजूर झाडांखाली झोपलेत, एकेकाला हाणून उठव.

“दादा, काय करून रायला?” धाकट्याने फोनवर विचारलं.

“झोपलेल्याले उठवून रायलो बे.”

“भर दुपारी? पाप लागन ना!”

अकोल्याच्या माणसाला हे काम जिवावर येतं, आणि त्याला कारण आहे. मे २०२४ मध्ये तिथला पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लागू केलं. कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची आणि पंख्यांची सोय करा, शिकवण्या भर उन्हात घेऊ नका, असा तो आदेश होता. थाझरिल अकोल्यात मुकादम असता तर त्याच दिवशी त्याच्यावर गुन्हा दाखल झाला असता. थोरल्याने दोनचार मजूर उठवले, पडद्यावरची ती रखरख पाहून कूलरचा वेग वाढवला आणि ऑर्कपणाचा राजीनामा दिला. ज्याचं सगळं आयुष्य ऊन चुकवण्यात जातं त्याने करमणुकीसाठी पुन्हा उन्हातच जाऊन उभं राहावं, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

धाकट्याने आधी अनडेड करून पाहिला. डेथनेल गावी हा गडी थेट थडग्यातून उठतो. बाहेर येतो तर गावाला कायमचा संधिप्रकाश. या रेसची खास विद्या म्हणजे मेलेल्याचं मांस खाऊन स्वतःची तब्येत सुधारणं. घर माळकऱ्यांचं, आणि आजी नेमकी मागे बसलेली. धाकट्याने खिडकी बंद केली आणि टॉरेन घेतला.

टॉरेन म्हणजे दोन पायांवर चालणारा बैल. शिंगं, खूर, नाकात वेसणीसारखी कडी, हातात हत्यार. ज्या प्रांतात पोळ्याला बैल सजवून झडत्या म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या हाती लाकडी बैल देऊन तान्हा पोळा भरवतात, तिथल्या पोट्ट्याने दुसरं काही निवडलं असतं तर नवल होतं. आजीने चष्मा सारखा केला.

“हा कोनाचा बैल व्हय रे? दोन पायावर काहून चालून रायला?”

“आजी, थो मीच हाय.”

“मंग खांदा शेकून देऊ का?”

टॉरेनचं जन्मगाव मलगोर, आणि या गावाला नावं ठेवायला जागा नाही. हिरवंगार माळरान, मोकळं आभाळ, दूरवर पवनचक्क्या. टॉरेनच्या अंगी जन्मतःच वनस्पती ओळखण्याचं कौशल्य थोडं जास्त असतं, आणि त्याने पाय आपटला की आसपासचे शत्रू क्षणभर सुन्न होतात. एकच धोका आहे. त्यांची राजधानी थंडर ब्लफ उंच सुळक्यांच्या माथ्यावर वसलेली, वर जायला लिफ्ट. लिफ्ट यायच्या आधी ज्याने पाऊल टाकलं तो सरळ खाली. मेल्यावरही सुटका नाही. भूत होऊन स्मशानातून आपल्या प्रेतापर्यंत पायी जायचं, मग जिवंत व्हायचं. धाकटा पहिल्याच दिवशी ही पदयात्रा करून आला.

तिकडे थोरल्याने सूड उगवल्यासारखा ड्वार्फ घेतला. कोल्डरिज व्हॅली: चहूकडे बर्फ, दाढीवाले बुटके, लांडगे. आणि तिथलं सर्वांत गोड काम म्हणजे उकळतं पेय निवायच्या आत, पाच मिनिटांत, दरीतल्या दुसऱ्या गड्याला नेऊन द्यायचं. ते पोचलं की रिकामा मग पहिल्याला परत आणून द्यायचा, तीही वेगळी कामगिरी. थोरला खूश. मे महिन्यात अकोल्यात बसून बर्फातून धावणं! कूलरचा वेगही त्याने कमी केला.

यानंतर दोघांच्या लक्षात आलं की ड्वार्फ अलायन्सचा आणि टॉरेन होर्डचा.

या दोन पक्षांना एकमेकांची भाषा कळत नाही. एकाने टाइप केलेलं दुसऱ्याला अगम्य अक्षरांत दिसतं. हात हलवता येतो, वाकून नमस्कार करता येतो, नाचताही येतं. बोलता येत नाही. क्लासिकमध्ये सोबत टोळी करून लढायचीही सोय नाही. एका आजीचे दोन नातू, एक बैल आणि एक बुटका, एका कुरणात समोरासमोर उभे राहून नुसते नाचत होते.

मधला मार्ग म्हणून बडनेऱ्याच्या एका मित्राला थोरल्याच्या पक्षात ओढलं. त्याने रूपावर भाळून नाइट एल्फ घेतला. नाइट एल्फचं गाव टेल्ड्रासिल, समुद्रातल्या एका प्रचंड झाडावर. तिथून ड्वार्फांच्या आयर्नफोर्जला जायचं म्हणजे क्लासिकमधली सर्वांत प्रसिद्ध यात्रा. झाडाच्या पायथ्याशी उतरायचं, तिथून बोटीने ऑबर्डीन, तिथे बोट बदलून मेनेथिल बंदर. बदलाबदलीचं त्याला काही वाटलं नाही. मुंबई-हावडा मुख्य मार्ग अमरावतीला न शिवता बडनेऱ्यावरून जात असल्यामुळे सामान घेऊन गाडी बदलणारे लोक तो लहानपणापासून पाहत आला होता. खरी परीक्षा बंदरानंतर. पुढे वेटलँड्सची दलदल, तिच्यात सुसरी, आणि एकेक सुसर नवख्यापेक्षा कितीतरी लेव्हल वरची. त्यात या खेळाचा सर्व्हर भारतात नाही, त्यामुळे सुसर पडद्यावर दिसते तोवर तिचा घास घेऊन झालेला असतो. नाइट एल्फ मेला की त्याचा प्रकाशाचा गोळा होतो आणि तो इतर भुतांपेक्षा वेगाने धावतो. मित्राचा निम्मा प्रवास अशा गोळ्याच्याच रूपात झाला. दलदल संपली की डोंगरातले बोगदे आणि तिथे दबा धरून बसलेले ऑर्क. ते चुकवले की लॉख मोडन, मग बर्फ, मग आयर्नफोर्ज. तिथून मात्र नोम लोकांनी बांधलेली भुयारी ट्राम थेट माणसांच्या राजधानीत नेते. ती रोज धावते, हे मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेची वाट पाहणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये.

दोन पक्षांमधली भिंत पडायला साडेसतरा वर्षं लागली. ३१ मे २०२२ रोजी खेळाच्या नव्या आवृत्तीत अलायन्स आणि होर्डच्या खेळाडूंना गुहांमधल्या मोहिमा एकत्र करण्याची मुभा मिळाली. त्याच आठवड्यात, ३ ते ७ जून या काळात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात नोंद झाली. आठवडाभरात दोन्ही रस्ते मोकळे झाले. मावसभावांनी दुसऱ्या रस्त्याचा उपयोग करून एकदा प्रत्यक्षच भेटावं, असं आजीचं म्हणणं पडलं. दोघांनी ते विचाराधीन ठेवलं आहे.

नव्याने खेळू पाहणाऱ्यांसाठी माहिती अशी की नवा खेळ विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट आहे, पण २०२० पासून तिथे नवख्याला, मग तो बैल असो की बुटका, आधी एकाच सामाईक बेटावर उतरवतात. सोयीचं आहे, आणि तितकंच बेचव. जुनी गावं पाहायची तर क्लासिकच घ्यावा आणि महिन्याची वर्गणी भरावी. अमरावतीकरांनी खुशाल मलगोर गाठावं, फक्त लिफ्ट आल्याची खात्री करून पाय टाकावा. अकोल्याहून निघणाऱ्यांनी मार्च ते जून कोल्डरिजखेरीज दुसऱ्या गावाचा विचारही करू नये. ऑर्कच व्हायचं असेल तर पहिला पाऊस पडू द्यावा.