तळेगाव चौक, दोन मिनिटं

साडू कॅनडाला गेला आणि आमच्या मोशीतल्या टू-बीएचकेची उंची एकदम कमी झाली. बायको काही बोलली नाही, फक्त त्यांच्या बर्फाचे फोटो मला फॉरवर्ड करायला लागली.

मग आयईएलटीएस द्यायचं ठरवलं. तिकडच्या हिशेबात चाळिशीनंतर वयाचे गुण भराभर गळतात आणि 45 ला शून्य होतात. मी 41 चा. परीक्षेची फी सतरा-अठरा हजार. पण इंग्रजीची चिंता नव्हती. चाकणजवळ महाळुंग्याला कंपनीत क्वालिटीत आहे, दिवसभर इंग्रजीच बोलतो: ‘अरे, लॉट होल्डला टाक, रिजेक्शनचा टॅग लाव, कस्टमरला मेल मार.’

पहिला लॉट कन्येनेच होल्डला टाकला. ती पाचवीत, इंग्रजी माध्यम. परीक्षक होऊन तिनं विचारलं, “व्हॉट डू यू डू?”

“क्वालिटी.”

“बाबा, फुल सेंटेन्स!”

शिवाय तिच्या मते माझा व्ही आणि डब्ल्यू एकच आहे. मायक्रॉनच्या फरकावरून लोकांचे पार्ट परत पाठवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

लिसनिंगमध्ये रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात आणि प्रश्न 40. ‘एकच शब्द’ म्हटलं असताना दोन लिहिले, की उत्तर बाद. हे मला मनापासून पटलं. आमचं गो-नो गो गेज असंच असतं: एक बाजू आत गेलीच पाहिजे, दुसरी जाता कामा नये, दयामाया नाही. फक्त या खेपेला गेज दुसऱ्याच्या हातात होतं.

सराव कंपनीच्या बसमध्ये. कानात इअरफोन, त्यात एक बाई हॉटेलची खोली बुक करत होत्या. बस तळेगाव चौकात अडकलेली, मी डोळे मिटून रंगात आलेलो. आपण मोठ्यानं बोलतोय हे कळलं तेव्हा “सिंगल रूम, टू नाईट्स, विथ ब्रेकफास्ट” सगळ्या फर्स्ट शिफ्टनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी चढताना ड्रायव्हरनं अदबीनं विचारलं, “साहेब, खोलीत नाष्टा मिळाला का?”

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, तेव्हा चिंचवडला क्लास. एकदा निबंध आला: शहरात खासगी गाड्यांवर बंदी घालावी का? 40 मिनिटांत किमान 250 शब्द. हात सवयीनं चालला. मी चक्क 8डी रिपोर्ट लिहिला. प्रॉब्लेम, रूट कॉज, पाच वेळा ‘व्हाय’. पाचव्या ‘व्हाय’ला नेहमीचंच उत्तर आलं, ऑपरेटरला ट्रेनिंग द्यावं. खाली टार्गेट डेट 31 मार्च. सरांनी पेपर दोनदा उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, “यात ऑपरेटर कोण?”

परीक्षेच्या दिवशी स्पीकिंगला कार्ड हातात आलं आणि मी गालातल्या गालात हसलो. ‘तुम्हाला कुठेतरी पोहोचायला उशीर झाला, तो प्रसंग सांगा.’ चाकणच्या माणसाला हा प्रश्न! तयारीला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते. लोक म्हणे मुद्दे लिहितात. मी लेआउट काढला: उभा पुणे-नाशिक हायवे, आडवा तळेगाव-शिक्रापूर रस्ता, मधोमध चौक, बाणासकट.

बोलायला कमाल दोन मिनिटं. कंटेनर सांगितला, कंटेनरला आडवा घुसलेला छोटा हत्ती सांगितला, राँग साईडनं आलेले बाईकवाले सांगितले. हवालदार कुठे उभा होता ते कागदावर बोट ठेवून दाखवलं. कंपनीत ऑडिटर येऊन बसलाय, इकडं बस इंचभर हलत नाही... इंग्रजी असं वाहत होतं की व्ही-डब्ल्यूसुद्धा आपापल्या लेननं चालले होते.

“थँक यू,” परीक्षक बाई म्हणाल्या.

दोन मिनिटं संपली होती. माझी बस अजून चौकातच.

बाईंनाही बहुधा चुटपुट लागली असावी. त्यांनी हळूच विचारलं, असा उशीर तुम्हाला नेहमी होतो का?

“डेली,” मी म्हणालो.