फक्त अंक भरा

जन्मभर फॉर्म भरत आलेल्या माणसाला एकदा तरी कुणाचा फॉर्म नाकारायला मिळावा. मला ती संधी आमच्या वाचनालयाच्या ऑनलाइन सभासद-नोंदणीने दिली. 'कॉम्प्युटरचं कोण बघणार?' असं कार्यकारिणीत विचारलं गेलं, तेव्हा सगळ्यांनी चहाच्या कपात पाहिलं. मी छताकडे पाहिलं, जाणकार माणसं पाहतात तसं. भाच्याने फॉर्म उभा केला आणि 'तपासणीचे नियम तूच लिही मामा, सोपं असतं,' म्हणत रेग्युलर एक्स्प्रेशन माझ्या गळ्यात घातलं.

यातलं मुख्य हत्यार म्हणजे कॅरॅक्टर क्लास. चौकटी कंस टाकायचा आणि कोणाकोणाला आत घ्यायचं ते त्यात लिहायचं. [0-9] म्हणजे कुठलाही एक अंक. पिनकोडच्या पहिल्या जागी [1-9], कारण शून्याने सुरू होणारा पिनकोड आपल्याकडे नाही. पुढे पाच वेळा [0-9]. कंसात सुरुवातीलाच कॅरेट, म्हणजे ती छोटी टोपी, ठेवली की 'हे सोडून बाकी सगळे'. तीच टोपी कंसाबाहेर ठेवली की मजकुराची सुरुवात. एवढं कळल्यावर मी घरात हात मागे बांधून फिरू लागलो. स्टीफन क्लिनी यांनी १९५६ साली चेतापेशींच्या जाळ्यांचा विचार करताना जे मांडलं आणि केन थॉम्प्सन यांनी १९६८ साली मजकूर शोधायला जे जुंपलं, त्या परंपरेत पुढचं नाव कोणाचं, हे मी बायकोला सुचवून पाहिलं. तिने दळण आणायला पाठवलं.

नावाच्या रकान्यापाशी मात्र मी रेंगाळलो, आणि इथेही रेंगाळणार आहे. इंग्रजीला ए ते झेड, तर मराठीला [अ-ह], असं कुणालाही वाटेल. पण काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या लेखी अक्षरंच नव्हेत. ती निराळी चिन्हं म्हणून 'ह'च्या पलीकडे बसवलेली आहेत. त्यामुळे [अ-ह] या दारातून शरद आत येतो, कमल येते, मदन येतो. सुशीलाला मात्र उकार, वेलांटी आणि काना बाहेर काढून ठेवावे लागतात, आणि आत पोचते ती 'सशल'. पहिलीच्या पुस्तकात काना शिकवायच्या आधी जी मोजकी माणसं भेटतात, तेवढ्यांचंच वाचनालय! 'ळ'ची वेगळीच मजा. शाळेत तो 'ह'नंतर यायचा, युनिकोडने त्याला 'ल'च्या शेजारी जागा दिली, म्हणून तो आपसूक आत. उलट 'ज्ञ' हलन्ताशिवाय होत नाही आणि हलन्त बाहेर, म्हणजे ज्ञानेश्वर बाहेर. मराठी वाचनालयाने एवढं धाडस करू नये. बरं, अख्खी देवनागरी कंसात घातली तरी कऱ्हाड्यांचा भरवसा नाही. त्यांच्या नावातला अर्धा 'र' काही जण एक अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप करतात, आणि ते चिन्ह देवनागरीच्या हद्दीतच नसतं. कऱ्हाड्यांना पडद्यावर आपलं नाव अगदी शुद्ध दिसतं आणि फॉर्म म्हणतो, अवैध.

मोबाइलच्या रकान्याशी आलो आणि हात थांबला. मागे एकदा आई कुठल्याशा कार्यालयाचा फॉर्म फोनवर भरत होती. कीबोर्ड मराठी. तिने नंबर भरला, खाली लाल अक्षरं उमटली: 'कृपया फक्त अंक भरा.' तिने चष्मा पुसून पुन्हा भरला. पुन्हा तेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म पाढे शिकवलेली बाई ती. 'अरे, मग हे काय आहेत?' तिने मला विचारलं. मी कीबोर्ड बदलला, नंबर भरून दिला आणि 'झालं' म्हणालो.

कुणीतरी कंसात दहा चिन्हं लिहिली होती आणि आईची दहा राहून गेली होती, एवढीच गोष्ट. पायथनमध्ये साध्या मजकुरावर बॅकस्लॅश-डी, म्हणजे 'कुठलाही एक अंक' याची आखूड खूण, लावलं तर देवनागरी अंकही चालतात; जावास्क्रिप्टमध्ये तेच बॅकस्लॅश-डी 0 ते 9च्या पुढे कुणाला ओळखत नाही. मला राग नकाराचा नाही, त्या वाक्याचा येतो. 'आम्हाला हे अंक वाचता येत नाहीत,' असं लिहिलं असतं तर आईने मनाला लावून घेतलं नसतं. अंक न वाचता येणारी पोरं तिने पुष्कळ सांभाळली होती.

मी [0-9०-९] लिहिलं आणि भाच्याला ऐटीत दाखवलं. 'मग गुजराती नि कानडी अंकांनी काय घोडं मारलंय?' तो म्हणाला. खरंच होतं. युनिकोडमध्ये सगळ्या लिप्यांतल्या दशमान अंकांचा एक गटच आहे. तो लावून टाकला. आलेले अंक आधी 0 ते 9मध्ये बदलायचे, मग तपासायचे. त्यामुळे सध्या आमच्या वाचनालयाचं सभासद थाई अंकांतही होता येतं. पुढच्या बैठकीत मी हे सविस्तर सांगितलं. सगळ्यांनी कपात पाहिलं. खजिनदार तेवढे म्हणाले, "येऊ द्या हो, पण अनामत रोख घ्या."