न दिसणाऱ्या तलावांची प्रदक्षिणा

मुंबईच्या उपनगरांत डोंगर, तलाव आणि रस्ते या तिन्ही गोष्टी असूनही तलावाकाठच्या डोंगरी रस्त्यावरून सायकल हाकण्याची सोय मात्र नाही, आणि या उणिवेवर येथील सायकलस्वारांनी काढलेला तोडगा इतका लांबलचक आहे की त्याचा स्वतंत्र विचार करणे भाग पडते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत. पहिला 1860 साली पुरा झाला, दुसरा 1879 साली, आणि मुंबईला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी महानगराच्या हद्दीत असलेले हे दोनच होत. पाणी पिण्याचे असल्यामुळे त्यांच्या काठावर जनसामान्यांना मज्जाव आहे, आणि तो असावा हेच योग्य. तेव्हा तलावाभोवती फिरता येत नसेल तर तलाव ज्या डोंगरात आहेत त्या डोंगराभोवती फिरावे, असा युक्तिवाद करून सायकलस्वार पहाटे बोरिवलीहून निघतो आणि काशिमीरा, घोडबंदर, ठाणे, मुलुंड, पवई, आरे असे पन्नास-साठ किलोमीटरांचे कडे पुरे करून परत बोरिवलीस येतो. एवढ्या वाटचालीत, ज्यांच्या नावाने ती केली, ते दोन्ही तलाव त्याला रस्त्यावरून एकदाही दिसत नाहीत.

पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरणे म्हणजे प्रदक्षिणा, आणि नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यापासून गल्लीतल्या मारुतीला फेरी घालणाऱ्यापर्यंत सर्वांना हा नियम सारखाच लागू असतो. उपरोक्त क्रमाने गेल्यास राष्ट्रीय उद्यान बरोबर उजव्या हाताला राहते, म्हणजे शास्त्राचे समाधान होते. परंतु वाहतुकीचा नियम रस्त्याच्या डावीकडून चालण्याचा असल्याने डोंगर आणि सायकलस्वार यांच्यामध्ये दुभाजक, समोरून येणारी वाहने आणि मार्गाच्या बऱ्याच भागात मेट्रोचे खांब उभे ठाकतात. उलट दिशेने गेल्यास डोंगर हाताशी येतो, पण पुण्य जाते. नास्तिक सायकलस्वारही बहुधा पहिलीच दिशा पसंत करतात; कारण विचारल्यास ते वाऱ्याचे नाव सांगतात.

या मार्गाची खरी परीक्षा घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या घाटात होते. चढाची तीव्रता टक्क्यांत मोजतात, म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात रस्ता पाच मीटर उंचावला तर तो चढ पाच टक्क्यांचा म्हणायचा. माळशेज किंवा वरंध घाटापुढे गायमुखची ही टक्केवारी क्षुल्लक आहे. तथापि सह्याद्रीतल्या घाटात सायकलस्वाराच्या कानापाशी गुजरात आणि न्हावा-शेवा यांच्या दरम्यान ये-जा करणारे कंटेनर धापा टाकत नसतात. चढावर भरलेल्या कंटेनरचा आणि सायकलचा वेग जवळपास सारखाच होतो, त्यामुळे दोघांना बराच वेळ एकमेकांची सोबत घडते, आणि दारातून अर्धा बाहेर झुकलेला क्लीनर सायकलीची किंमत विचारतो. किंमत ऐकल्यावर तो आत वळून चालकाला ती सांगतो. चालक मान बाहेर काढून प्रथम सायकलीकडे आणि मग तिच्या मालकाकडे पाहतो. त्या दृष्टीत जी करुणा असते ती पाहून सायकलस्वार गिअर बदलण्याचे निमित्त करून खाली पाहू लागतो. हलक्या गिअरवर साखळी मागच्या मोठ्या चक्रावर चढते, पाय भराभरा फिरतात आणि चाक मात्र संथपणे वळते, त्यामुळे उत्साह आणि प्रगती यांतील तफावत सर्वांना स्पष्ट दिसते. घाटमाथ्याच्या आसपास डाव्या हाताला उल्हास नदीची खाडी पसरलेली दिसते. देखावा सुरेख आहे, पण प्रदक्षिणेतले हे पहिले पाणी खारे आहे.

ठाणे ते कांजुरमार्ग या पट्ट्याविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. तेथे डोंगर इमारतींच्या फटींतून दिसतो आणि रस्ता खड्ड्यांच्या फटींतून. घाटकोपरच्या मंडळींना तर हे वर्तुळ गाठण्यासाठीच प्रथम विक्रोळीच्या पुढे यावे लागते, म्हणून ते स्वतःचे अंतर अधिक सांगतात आणि ते खरेही असते.

पवईला अखेर तलाव दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला तोही मुंबईची तहान भागवण्यासाठीच, परंतु पाण्याचा दर्जा पिण्यालायक नसल्यामुळे ते पुढे उद्योगांकडे आणि आरेकडे वळवण्यात आले. पिण्याचे पाणी दिसत नाही आणि दिसणारे पाणी पिता येत नाही, असा या प्रदक्षिणेचा जलविषयक हिशेब आहे. याच तलावाभोवती महापालिकेने सायकलमार्ग बांधण्यास घेतला होता. त्यासाठी काठावर गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती, घालण्याचे काम सुरू झाले. पण तलावात मगरींचा अधिवास आहे, आणि पाणथळ जागेत असा भराव घालणे बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये देऊन जागा पूर्ववत करण्यास सांगितले. निर्णय उचित होता, यात शंका नाही. सायकलस्वाराला तलावाची फेरी नाकारली गेली ती मगरीच्या बाजूने, आणि काठावर ऊन खात तोंड उघडे ठेवून पडलेली मगर एकदा पाहिल्यावर त्या बाजूने उभे राहणे फारसे जड जात नाही.

आरे दुग्ध वसाहतीत शिरल्यावर मात्र या मार्गाला प्रथमच डोंगरी रस्त्याचे रूप येते. शहरातले तबेले बाहेर हलवावेत म्हणून 1949 मध्ये वसवलेल्या या वसाहतीत झाडे दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेली असतात, चढउतार एकामागून एक येतात आणि प्रत्येक उताराच्या तळाशी, मिळवलेला वेग परत घेण्यासाठी, गतिरोधक असतो. जेथे गतिरोधक नसतो तेथे म्हैस असते. बिबट्याविषयी फलक पुष्कळ आहेत, आणि धुक्याच्या पहाटे त्यांचा सायकलस्वाराच्या सरासरी वेगावर होणारा परिणाम कोणत्याही प्रशिक्षकाला साधणार नाही; पण म्हैस फलकावाचून येते, रस्त्याच्या मधोमध थांबते, शेपटीने एक माशी हाकलते, दुसरीची वाट पाहते, आणि हजारो रुपयांचे कार्बनचे चाक तिच्या खुरापासून हातभर अंतरावर तिष्ठत राहते.

गोरेगाव आणि मुलुंड यांना जोडणाऱ्या रस्त्यासाठी आता याच उद्यानाखालून सुमारे 4.7 किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे होत आहेत, आणि ठाणे–बोरिवली दरम्यानही तसाच बोगद्यांचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. मोटारींना त्यामुळे वळसा वाचेल. सायकलस्वाराला मात्र अंतर वाचण्याची कल्पनाच पटत नाही, कारण त्याच्या मोबाइलमधील अ‍ॅप फक्त कापलेले अंतर मोजते. घरच्या फाटकाशी पोहोचताना पडद्यावर 59.3 हा आकडा दिसला तर तो आत जात नाही. सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारींभोवती घामाघूम होऊन फेऱ्या घालत राहतो, आणि साठ पुरे होईपर्यंत वॉचमन फाटक धरून उभा असतो.